पुस्तक कोणाच्या बाजूचें?

"कुणबी वाचीत नाहीं" हें वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. परवां तालुक्याच्या गांवीं एका समारंभांत एका विद्वान् गृहस्थांनीं तेंच वाक्य पुन्हां उच्चारलें, आणि पुढें बसलेल्या आपल्याच लोकांनीं टाळ्या वाजविल्या! आम्हीही तेथें बसलों होतों. टाळी वाजविली नाहीं हें खरें, पण उठून उत्तरही दिलें नाहीं. तें राहिलेलें उत्तर आज येथें देतों.

आमच्या गांवीं ड वर्गाचें एक वाचनालय आहे. खोली ग्रामपंचायतीची, कपाटें दोन, आणि तेथें बसणाऱ्या तरुणास जें मानधन मिळतें त्याचा आंकडा सांगावयास आम्हांस लाज वाटते. त्या वाचनालयाची देवघेवीची वही आम्हीं गेल्या दिवाळीच्या सुटींत दोन दिवस बसून वाचली. त्या वहींत शेतकऱ्यांचीं घरें आहेत, सुताराचें आहे, कुंभाराचें आहे, धनगरवाड्यांतील दोन बहिणी आहेत, महारवाड्याचें नांव टाकून आतां भीमनगर म्हणविणाऱ्या वस्तींतील तर सर्वांत अधिक नांवें आहेत. पुस्तकांच्या पानांचे कोपरे मातीच्या आणि तेलाच्या बोटांनीं काळे झालेले आहेत. तेव्हां आमचे लोक वाचीत नाहींत, ही गोष्ट धादांत खोटी! तीनचारशें रुपयांच्या पुस्तकाला मजुराचा दिवसाचा रोज पडतो, म्हणून तें विकत कमी घेतलें जातें. पण एक पुस्तक सात घरें फिरतें.

उत्तर येथें संपलें असतें, तर आम्ही हा लेख लिहिला नसता. कारण खरा प्रश्न याच्या पुढें आहे. आपण वाचतों तें काय? आणि तें पुस्तक कोणाच्या बाजूचें आहे? पुस्तक छापलेलें असलें कीं तें शहाणें असलेंच पाहिजे, ही आपली जुनी भोळी समजूत. पूर्वीं पोथीपुढें हात जोडले, आतां पुस्तकापुढें जोडतों. हात जोडलेल्या माणसाला पान उलटतां येत नाहीं, हें ध्यानांत धरा!

आतां वहींतील एकेक पुस्तक घेऊं.

वर्षभरांत सर्वांत अधिक फिरलेलें पुस्तक म्हणजे शिवाजी सावंत यांची 'छावा' कादंबरी. ती १९७९ सालची. पण २०२५ च्या फेब्रुवारींत त्याच नांवाचा चित्रपट निघाला, आणि कपाटांत निजलेलें पुस्तक एकाएकीं जागें झालें. पोरें रांगेंत उभीं राहूं लागलीं याचा आम्हांस आनंद झाला. कादंबरी डोळ्यांना पाणी आणते, वाचणारा रात्रीचा दिवा मालवीत नाहीं, हें तिचें बळ आम्ही मान्य करतों. परंतु डोळ्यांतील पाणी म्हणजे पुरावा नव्हे! चावडीवर दोन तरुण कादंबरींतील संवाद दाखवून "हें पुस्तकांत लिहिलंय" म्हणत एकमेकांच्या अंगावर धांवून गेले, तेव्हां आम्हांस मध्यें पडावें लागलें. अरे बाबांनो, संवाद कादंबरीकारानें रचलेला असतो. तो रचण्याचा त्याला अधिकार आहे. पण त्यावरून डोकीं फोडण्याचा अधिकार तुम्हांला नाहीं.

आणि आणखी एक गोष्ट. संभाजी महाराज म्हणजे व्यसनी, बेबंद राजपुत्र, असें चित्र नाटकवाल्यांनीं आणि बखरवाल्यांनीं कित्येक वर्षें रंगविलें होतें. तें चित्र पुसलें कोणीं? वा. सी. बेंद्रे यांनीं जुने कागद धुंडाळून लिहिलेलें चरित्र १९६० सालीं बाहेर आलें, डॉ. कमल गोखले यांचें १९७१ सालीं. कागद शोधणाऱ्यांनीं हा चिखल धुतला. 'छावा' ज्यानें वाचली त्यानें बेंद्र्यांचें चरित्र मागावें, असें आम्हीं वाचनालयाच्या दारावर लिहून लाविलें. तीन जणांनीं मागितलें, एकानें पुरें केलें. त्या एकाचा आम्हांस अभिमान आहे.

त्याच कपाटांत गोविंद पानसरे यांची 'शिवाजी कोण होता?' ही लहानशी पुस्तिका आहे. ती १९८८ सालची. पानसऱ्यांवर १६ फेब्रुवारी २०१५ रोजीं कोल्हापुरांत गोळ्या झाडण्यांत आल्या आणि चार दिवसांनीं ते वारले. ज्यांना पुस्तकांत कांहीं नसतें असें वाटतें, त्यांनीं याचा विचार करावा. ही पुस्तिका तलवारीविषयीं थोडें बोलते आणि रयतेविषयीं फार बोलते. महाराजांनीं राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणींतील अंमलदारांना लिहिलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण जपून वापरा, लागेल तें रयतेकडून विकत घ्या, तिला लुबाडूं नका, रात्रीं जळती वात उंदरानें नेली तर गवताच्या गंजी पेटतील, येथपर्यंत बारकाईनें त्यांत बजाविलेलें आहे. गवताच्या काडीची काळजी करणारा हा राजा आमच्या शेतकऱ्याचा आहे. मिरवणुकींत कर्णे लावून कान फोडणारांना हें पत्र कोणी वाचून दाखविलें आहे काय?

आतां ज्या जातीच्या पुस्तकांवर आमचा खरा रोख आहे, त्यांकडे वळूं. वहींत दुसऱ्या क्रमांकावर आहेत तीं श्रीमंत होण्याचीं पुस्तकें. अमेरिकेंतील रॉबर्ट कियोसाकी यांचें 'रिच डॅड पुअर डॅड' हें १९९७ सालचें. ऱ्होंडा बर्न यांचें 'द सीक्रेट' हें २००६ सालचें. दोहोंचीं मराठी भाषांतरें खेड्यापाड्यांच्या यात्रेंत आणि बसस्थानकांवर मिळतात. दुसरें पुस्तक सांगतें कीं, मनांत ज्याचा ध्यास धराल तें तुमच्याकडे आपोआप खेंचलें जातें. अहो, आमच्या गांवानें सलग दोन वर्षें पावसाचा ध्यास धरला होता! लहान लेंकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सारा गांव आभाळाकडे बघत होता. विहिरींत काय खेंचलें गेलें? टँकरचा पाइप.

पहिल्या पुस्तकांत दोन बाप आहेत. गरीब बाप शिकलेला, शिक्षणखात्यांतील नोकर; श्रीमंत बाप पैशाचें मर्म जाणणारा. शाळामास्तराला गरीब ठरविलें म्हणून आम्ही रागावलों, असें कोणी म्हणेल. तें थोडें खरेंही असेल. पण त्या पुस्तकांतील एक गोष्ट चांगली आहे तीही सांगतों : खिशांत पैसा आणणारी वस्तु कोणती आणि खिशांतून काढणारी कोणती, हें ओळखा. हप्त्यानें मोटारसायकल घेऊन हप्त्यासाठीं म्हैस विकणाऱ्या घरानें हें वाक्य जरूर घ्यावें. परंतु त्याच लेखकाच्या एका कंपनीनें २०१२ सालीं अमेरिकेंत दिवाळ्याचा अर्ज केला, हेंही घेणारानें पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावें.

आतां आमची स्वतःची चूक. दुसऱ्याची उणीं काढणारानें आपलें उणें आधीं सांगावें.

कांहीं वर्षांपूर्वीं शाळेच्या बक्षीससमारंभासाठीं वर्गणीचे पैसे आमच्या हातीं आले. याच जातीचें एक पुस्तक, त्याचें नांव येथें घेत नाहीं, आम्हीं स्वतः निवडलें. मुखपृष्ठ चकचकीत होतें, विक्रेत्यानें सूट दिली होती, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीं तें पुरें वाचलेंही नव्हतें. एक प्रत एका सुताराच्या मुलाला मिळाली. पोरगा हुशार. बारावी झाल्यावर तो शहरांत गेला, आणि एकाखालीं दोन, दोहोंखालीं चार अशी माणसें जोडण्याच्या एका योजनेंत शिरला. बापानें लांकडासाठीं ठेवलेले चाळीस हजार रुपये त्यांत गेले. मामाचे गेले, शेजाऱ्याचे गेले. योजनेवाले एका रात्रींत खोलीला कुलूप लावून पसार झाले. पोरगा परत आला. एके दिवशीं शाळा सुटल्यावर त्यानें तें पुस्तक आमच्या टेबलावर ठेविलें आणि इतकेंच म्हणाला, "गुरुजी, हे तुमचं तुम्हाला. तुम्हीच दिलं होतं."

तो ओरडला असता तर बरें झालें असतें. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्हीं अध्यापक विद्यालयांत गणित कसें शिकवावें याचे धडे घेतले, वीसांवर वर्षें पाढे शिकविले. पण त्या पोराला एक हिशेब करून दाखविला नव्हता. तो आतां दर वर्षीं सातवीच्या मुलांना करून दाखवितों. वाचकहो, तुम्हीही जमिनीवर काडीनें मांडून पाहा. एकाखालीं दोन, मग चार, मग आठ. दहाव्या पायरीवर १,०२४ माणसें लागतात. विसाव्या पायरीवर १०,४८,५७६. आणि सत्ताविसाव्या पायरीवर १३,४२,१७,७२८ माणसें लागतात! २०११ च्या खानेसुमारींत अवघ्या महाराष्ट्राची वस्ती ११ कोटी २४ लक्षांच्या आंत होती. म्हणजे पाळण्यांतलें पोर आणि खाटेवरची म्हातारी धरूनही महाराष्ट्र पुरत नाहीं. शेवटच्या पायरीवरचे सारे बुडणारच. आणि शेवटच्या पायरीवर कोण असतो? जो सर्वांत उशिरां ऐकतो तो. खेड्यांतला. दुप्पट करण्याचा हा साधा हिशेब ज्याच्या बोटांवर आहे, त्याला तीनशें पानांचें स्वप्न फसवूं शकत नाहीं.

पण हा दोष एका योजनेचा किंवा एका पोराचा नाहीं. या पुस्तकांचें मूळ सूत्र काय आहे तें नीट पाहा. तीं म्हणतात, तुझें दारिद्र्य तुझ्या विचारांत आहे. विचार बदल, दारिद्र्य जाईल. जुनी पोथी काय म्हणत होती? तुझें दारिद्र्य तुझ्या पूर्वजन्मींच्या कर्मांत आहे. दोन्हींचा निकाल एकच : दोष तुझा! सोयाबीनचा भाव, विहिरीचें पाणी, कर्जाचें व्याज, खताची किंमत, दलालाचा कांटा यांपैकीं कशालाही दोष नाहीं. पूर्वीं कपाळावर लिहिलेलें होतें, आतां मनांत लिहिलेलें आहे. सावकाराच्या वहींत काय लिहिलें आहे तें मात्र कोणी वाचीत नाहीं!

तें वाचणारा एक पुरुष होऊन गेला. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. ही प्रत आमच्या वाचनालयांत आहे. शासनानें छापलेल्या समग्र वाङ्मयांत ती मिळते. पण वहींत तिच्यासमोर नांवें फार थोडीं! जयंतीला तिच्या लेखकाच्या तसबिरीला हार घालणारीं नांवें मात्र शेंकड्यांनीं. हा आमचा दुसरा राग.

'असूड' शेतकऱ्याला "विचार बदल" एवढेंच सांगून थांबत नाहीं. जन्मापासून मरणापर्यंत धर्माच्या नांवानें त्याच्या घरांतून काय काय जातें, तें तो मोजतो. कचेरींत, कोर्टांत, सावकाराच्या ओट्यावर काय जातें, तें मोजतो. आळशी गोऱ्या अंमलदारांनाही सोडीत नाहीं. आणि मोजून झाल्यावर उपाय सांगतो : डोंगरउतारावर ताली आणि बंधारे घाला, पावसाचें पाणी जमिनींत मुरवा, त्या कामाला सरकारनें आपले शिपाई लावावे, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचें शिक्षण द्या, चांगलें पीक काढणाराला बक्षिसें द्या. पाणी अडवा म्हणून 'जलयुक्त शिवार' २०१४ च्या अखेरीस निघालें. जोतीरावांनीं सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं हें लिहून ठेविलेलें होतें. भाषा जुनी आहे, वाक्यें लांब आहेत, हें आम्ही मान्य करतों. एकट्यानें वाचतांना दम लागतो. पण हें पुस्तक एकट्यानें वाचण्यासाठीं लिहिलेलेंच नाहीं! जोतीरावांनीं त्याचे भाग जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीं लोकांना जमवून वाचून दाखविले. बडोद्यास सयाजीराव महाराजांपुढें वाचले. ऐकणारांत सही न येणारेच पुष्कळ असतील. चारचौघांत मोठ्यानें वाचा, मग पाहा कशीं तीं लांब वाक्यें सरळ चालूं लागतात.

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही २००२ सालची कादंबरी. २००४ सालीं तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकून नोकरीसाठीं पैसे भरूं न शकणारा एकनाथ आणि त्याचें मोडत जाणारें शेतकऱ्याचें घर यांची ती कथा आहे. एका शेतकऱ्यानें ती परत करतांना आम्हांस सांगितलें, "गुरुजी, पुढचं नको देऊ. हे आमच्याच घरातलं आहे, तेवढं पुरे झालं." त्याचें म्हणणें आम्हांस समजलें, तरी आम्ही ती वाचा असेंच म्हणतों. आपलें दुःख छापलेलें पाहिलें म्हणजे तें एकट्याचें नाहीं हें कळतें. दुःख एकट्याचें वाटतें तोंवर माणूस दोराकडे पाहतो. सर्वांचें आहे हें कळलें तर कदाचित् शेजाऱ्याच्या दाराकडे पाहील.

कारागीर बंधूंसाठीं एक जोडी सांगतों. त्रिं. ना. आत्रे यांचा १९१५ सालचा 'गांवगाडा' घ्या. बलुत्यांचा हक्क, खळ्यावरचा वांटा, सुतार-लोहार-कुंभाराचें काम यांची इतकी बारीक माहिती दुसरीकडे मिळणें कठीण. पण आत्रे मुलकी खात्यांतील अंमलदार. भटक्या लोकांकडे ते गांवावरील भार म्हणून पाहतात. म्हणून त्याच्या शेजारींच लक्ष्मण गायकवाड यांचें 'उचल्या' ठेवा. तें १९८७ सालचें, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलें. १८७१ च्या कायद्यानें जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ सालीं गेला, पण शिक्का कपाळावरून गेला नाहीं. ज्यांच्याविषयीं 'गांवगाडा' बोलतो ते 'उचल्या'मध्यें स्वतः बोलतात. खुर्चीवरून गांव कसें दिसतें आणि पोलिसाच्या काठीखालून कसें दिसतें, हें दोन्ही वाचल्यावांचून गांव कळलें असें म्हणूं नये.

आतां भगिनींविषयीं. वहींत बायकांचीं नांवें थोडीं आहेत, म्हणून बायका वाचीत नाहींत असें आम्हीही धरून चाललों होतों. मग पांचवींतील एक मुलगी म्हणाली, "बाबाच्या नावावर नेते ते पुस्तक आई वाचती. चुलीपाशी." म्हणजे जी लबाडी शहरच्या गृहस्थानें आमच्याविषयीं केली, तीच आम्हीं आमच्या बायकांविषयीं केली! फलटणच्या बेबीताई कांबळे यांनीं लहानसें दुकान चालवितांना माल बांधण्याच्या रद्दींतले कागद वाचले, घरच्यांपासून लपवून लिहिलें, आणि तें लपविलेलें लिखाण १९८६ सालीं 'जिणं आमुचं' या नांवानें पुस्तक होऊन आलें. आपल्या घरांत असें लपविलेलें कांहीं आहे काय? पुरुषांनीं हें पुस्तक आधीं वाचावें. आणि वहींत बाईचें नांव बाईच्याच नांवानें लिहवावें. त्याला खर्च येत नाहीं.

एवढें सांगून शेवटीं उपायाकडे येतों, कारण नुसता राग काढून घरीं जाणें हें आमच्या पेशाला शोभत नाहीं. कोणतेंही पुस्तक हातीं आलें कीं त्याला तीन प्रश्न विचारा. मी हें खरें मानलें तर पैसा कोणाच्या पेटींत जातो? हें सांगतो त्याला पुरावा काय? आणि हें पुस्तक मला शेजाऱ्याबरोबर उभें राहा म्हणतें, कीं शेजाऱ्याच्या खांद्यावर पाय देऊन चढ म्हणतें? तीन प्रश्नांना उत्तर देणारें पुस्तक, मग तें कोणत्याही जातीच्या, देशाच्या लेखकाचें असो, आपलें. न देणारें, कितीही चकचकीत असो, परकें.

आणि आठवड्यांतून एक रात्र, बाजारच्या दिवशीं जेवणें झाल्यावर, शाळेच्या ओसरीवर बसा. अर्धा तास पुस्तक मोठ्यानें वाचा. मग अर्धा तास कोणाचा तरी एक कागद वाचा : कर्जाचा करार, विम्याचा कागद, सातबारा, बचतगटाच्या हप्त्याची पावती. बारीक अक्षर आधीं वाचा. १२ मे १८७५ रोजीं भिमथडी तालुक्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें काढून जाळलीं. तीं त्यांना वाचतां येत नव्हतीं. अंगठा मात्र त्यांचा होता. आज आपणांस वाचतां येतें, आणि तरी न वाचतांच आपण सही करतों! मग शिकून आपण सुप्याच्या पुढें गेलों कीं मागें आलों? आमच्या ओसरीवर हें वाचन सुरूं झालें आहे. तो सुताराचा पोरगा येतो. दाराशीं बसतो, बोलत नाहीं. पण कागद वाचावयाची वेळ आली म्हणजे पुढें सरकतो.

१९०७ सालीं मुंबईंत एक महार मुलगा मॅट्रिक पास झाला. कृष्णराव अर्जुन केळुसकर नांवाच्या शाळामास्तरांनीं त्याला स्वतः लिहिलेलें बुद्धाचें चरित्र भेट दिलें. त्या मुलाचें नांव भीमराव आंबेडकर. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास काय घडलें, तें सर्व जग जाणतें. तोही मास्तर, आम्हीही मास्तर. त्यानेंही एका पोराला पुस्तक दिलें, आम्हींही दिलें. त्यानें दिलें तें आपण वाचून, विचार करून, स्वतः लिहून दिलें. आम्हीं दिलें तें सूट मिळाली म्हणून. हा फरक आम्हांस मरेपर्यंत पुरेल.

शिक्षकबंधूंनो, बक्षीस देण्याआधीं पुस्तक वाचा. आईबापांनो, पोराच्या हातांतलें पुस्तक एकदां त्याच्याकडून मोठ्यानें वाचून घ्या. आणि पुन्हां कोणी म्हणालें कीं, "तुमचे लोक वाचीत नाहींत", तर टाळी वाजवूं नका. उभे राहा, आणि त्याच्या हातांत आपल्या गांवची वही द्या.